रिंगेचा हूक आणि करदात्याचा पैसा

मागच्या महिन्यात लातूरमध्ये एका साइटवर गेलो होतो. तीन मजल्यांचं घर, आणि घर कुणाचं तर मला दहावीला गणित शिकवलेल्या सरांचं. पहिल्या स्लॅबवरचे कॉलम उभे करायचं काम चाललं होतं, सळईकाम करणाऱ्या फिटरनं उभ्या सळयांभोवती रिंगा बांधून ठेवलेल्या, लांबून बघितलं तर एकदम टापटीप, जवळ जाऊन बघतो तर प्रत्येक रिंगेचं टोक काटकोनात वाकवलेलं. ड्रॉइंगवर मी स्वच्छ लिहिलं होतं की हूक 135 अंशाचा पाहिजे, टोक वळून आत काँक्रीटच्या पोटात गेलं पाहिजे आणि पुढचा सरळ भाग निदान 65 मिलीमीटर. फिटरला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "साहेब, वीस वर्षं झाली असंच करायलाव. एक बी बिल्डिंग पडली नाही."

आता याला काय बोलणार, माणूस खरंच सांगत होता. त्याच्या वीस वर्षांत आमच्याकडं मोठा भूकंप आलाच नाही.

सर तिथंच प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं आणि वेगळाच विषय काढला. "अरे, आमच्या बहिणीचा मुलगा पाच वर्षं झाली पीएचडी करतोय, लॅबमध्ये काँक्रीटचे खांब मोडून बघतो म्हणे. सरकार त्याला महिन्याला पैसे देतं. मला सांग, त्या पैशात किती शाळांच्या गळक्या वर्गांवर पत्रे टाकून झाले असते?"

सर आयुष्यभर झेडपीच्या शाळेत राहिलेले, त्यामुळं गळकं छप्पर त्यांच्यासाठी नुसतं उदाहरण नाही, पाऊस आला की मुलांना व्हरांड्यात बसवून त्यांनी शिकवलंय. म्हणून प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. इंजिनिअरिंगच्या संशोधनावर, आयआयटी असो की एखादं विद्यापीठ, लोकांचा पैसा का घालायचा? यावर हल्ली जे उत्तर सगळीकडं मिळतं ते मला अजिबात पटत नाही. पेटंट किती आली, स्टार्टअप किती निघाले, कॅम्पसमध्ये इन्क्युबेशन सेंटर काढलं, मंत्रिमहोदयांनी रिबन कापली. स्टॅनफर्डच्या दोन पीएचडीच्या पोरांनी गुगल काढलं हे आता भाषणात इतक्या वेळा येतं की ऐकणाऱ्याला वाटावं विद्यापीठ म्हणजे कंपन्या उबवायचं मशीन. निघतात कंपन्या, चांगलंच आहे, पण तिथं नफा करणारा कुणीतरी असतो, तो आज ना उद्या पैसा घालेलच. मला बोलायचंय ते ज्या शोधाला दुकानच नाही त्याबद्दल. 135 अंशाच्या हूकवर रॉयल्टी कोण घेणार? सळई तीच, बार बेंडिंगचा पाटा तोच, हात तोच, फरक फक्त 45 अंश जास्त वळवण्याचा. यात विकण्यासारखं काहीच नाही, म्हणून याच्या संशोधनाला कुठली कंपनी पैसे देणार नाही, आणि म्हणूनच ते लोकांच्या पैशातून व्हायला लागतं.

हा हूक आला कुठून ते थोडं सांगतो, कारण सरांना मी साइटवर नीट सांगू शकलो नाही, तिथं मिक्सर चालू होता.

कॉलम हलायला लागला की पहिल्यांदा बाहेरचं कव्हर निसटतं, म्हणजे सळईबाहेरचा जो दीड-दोन इंचाचा थर असतो तो. ते निसटलं की काटकोनातलं टोक उघडं पडतं, त्याला धरायला काही उरत नाही, रिंग सुटते. रिंग सुटली की उभ्या सळया बाहेरच्या बाजूला फुगतात आणि आतलं काँक्रीट गोणी फाटल्यावर ज्वारी सांडावी तसं सांडतं. टोक जर आत वळवलेलं असेल तर कव्हर गेलं तरी रिंग टिकते, आतला गाभा आवळलेला राहतो, कॉलम वाकडा होईल, भेगाळेल, पण एकदम बसत नाही, आणि माणसं जिन्यानं खाली येऊ शकतात. ऐकायला सोपं वाटतं. पण आवळलेलं काँक्रीट नक्की किती जास्त ताण घेतं, रिंगा किती अंतरावर पाहिजेत, जोडाजवळ किती आणि मध्ये किती, हे कळायला वर्षानुवर्षं विद्यापीठांच्या लॅबमध्ये खरेखुरे कॉलम ओतून ते मोडून बघावे लागले. त्यातलं फार मोठं काम न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठात झालं, रॉबर्ट पार्क, टॉम पॉली, नायजेल प्रीस्टली ही त्यातली मोठी नावं, आणि 1988 साली मँडर, प्रीस्टली आणि पार्क यांनी मांडलेलं मॉडेल आजही जगभर एम.टेक.च्या पोरांना शिकवतात. म्हणजे सरांचा भाचा जे करतोय तेच, खांब मोडणं. आपल्याकडं हे आलं आयएस 13920 या कोडमध्ये, म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाच्या छापील नियमांत, 1993 साली.

1993 म्हटलं की आमच्या जिल्ह्यात कुणाला कोड आठवत नाही.

30 सप्टेंबर, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या आसपास. मी सहावीत होतो, आमचं गाव किल्लारीपासून बऱ्यापैकी लांब, तरी भिंतीला हात जाईल एवढी चीर पडली आणि नंतर दोन महिने आम्ही अंगणात झोपलो. किल्लारी, सास्तूर, त्या पट्ट्यात साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली, आणि भूकंप किती होता, तर 6.2 च्या आसपास. जपानमध्ये एवढ्या भूकंपात लोक दिवा हलला म्हणून वर बघतात आणि परत जेवायला लागतात असं आमच्याकडं म्हणायचे, थोडी अतिशयोक्ती सोडली तर खरं आहे. इथं मारलं ते घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत बांधलेल्या, बाहेरून एक थर आतून एक थर आणि मध्ये नुसता भराव, दोन्ही थरांना शिवणारा आरपार दगड नाहीच, आणि डोक्यावर माळवद, दरवर्षी पावसाच्या आधी नवी माती टाकून टाकून जड झालेलं. हलल्यावर भिंतीचे दोन थर वेगळे झाले, फुगले, पडले. ज्या जुन्या घरांत माळवद लाकडी खांबांच्या खणांवर होतं तिथं कितीतरी ठिकाणी भिंती जाऊनही सांगाडा उभा राहिला होता.

मला नंतर इंजिनिअरिंगला गेल्यावर जे कळलं त्यानं जास्त त्रास झाला. रुडकीला, तेव्हा ते विद्यापीठ होतं, आयआयटी झालं 2001 ला, जय कृष्ण यांनी 1960 मध्ये भूकंप अभियांत्रिकीची शाळा सुरू केली होती. भारताचा पहिला भूकंपाचा कोड 1962 ला आला तो त्याच लोकांच्या जिवावर. 1970 च्या दशकात तिथं काय केलं माहितीये? भूकंपासारखं हलणारं टेबल विकत घ्यायला पैसे नव्हते तर रेल्वेचे रूळ टाकले, वॅगनवर विटांची छोटी घरं बांधली, आणि दुसरी वॅगन नेऊन त्याला धडकवली. धडकल्यावर घराला जो धक्का बसतो तो मोजला. साधं घर पडलं. ज्या घराला दारं-खिडक्यांच्या वर सलग लिंटेलचा पट्टा होता, कोपऱ्यात उभी सळई होती, ते टिकलं. मला हा प्रयोग आजही फार आवडतो, कारण त्यात फक्त जुगाड नाही, मोजमाप आहे, आणि प्रश्न आपल्याकडचा आहे. अमेरिकेत मातीत बांधलेल्या दगडी घराचं कुणाला पडलंय? आनंद आर्य यांनी तर अख्खं आयुष्य या गरिबाच्या घरांवर घालवलं, इंजिनिअर ज्या घराकडं कधी फिरकत नाही त्या घरांसाठी नियम लिहिले, आणि त्यावरून झालेली मार्गदर्शक पुस्तिका 1986 पासून जगभर वापरतात.

म्हणजे किल्लारीच्या आधी उत्तर तयार होतं. लिंटेलचा पट्टा, आरपार दगड, कोपरे शिवून घ्या. सगळं छापलेलं. आणि तरीही.

इथं सरांचा प्रश्न परत उभा राहतो, आणि जास्त धारदार होऊन. संशोधन झालं, पण आमच्या गावच्या गवंड्याला कोण सांगायला आलं? कुणीच नाही. शिवाय त्या वेळच्या नकाशात लातूर झोन एकमध्ये होतं, म्हणजे सगळ्यात निर्धोक, त्यामुळं सांगायची गरज आहे असंही कुणाला वाटलं नाही. कोयनेचं तेच झालं होतं. 1967 च्या आधी तो भाग भूकंपाच्या हिशोबात कुणी फारसा धरत नव्हतं, 11 डिसेंबरला पहाटे कोयनानगर बसलं, मग नकाशा बदलला. किल्लारीनंतर परत बदलला, 2002 ला झोन एक काढूनच टाकला, आम्ही झोन तीनमध्ये आलो. नकाशा भूकंपाच्या पुढं चालायला पाहिजे, तो वरातीमागून घोडं तसा येतो. यावर लोक म्हणतात की मग काय कामाचं संशोधन. मी उलटं म्हणतो, दख्खनच्या पोटात काय चाललंय हे मोजणारी यंत्रं आणि माणसं तेव्हा इतकी कमी होती की नकाशा काढणाऱ्यानं अंदाजानं रंग भरला. कमी संशोधनाची किंमत आपण दोनदा मोजली आणि बिल संशोधनाच्या नावावर फाडतो.

कोयनेची एक गोष्ट मात्र उलटी आहे, ती सांगायलाच पाहिजे. धरण 103 मीटर उंच, डिझाइन त्या काळच्या पद्धतीनं, भूकंपाचा म्हणून वजनाच्या पाच टक्के आडवा जोर धरलेला, आणि त्या हिशोबात कुठंच ताण येत नव्हता, कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात भूकंपात धरणाच्या वरच्या भागात, जिथं खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो तिथं, पुढून-मागून आडव्या भेगा पडल्या. का पडल्या? कागद तर म्हणत होता पडणार नाहीत. याचं उत्तर बर्कलेला कॅलिफोर्निया विद्यापीठात निघालं, बनारस हिंदू विद्यापीठातून तिकडं गेलेले अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी 1973 ला दाखवून दिलं की धरण स्वतः डोलतं, मागचं पाणी त्याला अजून ढकलतं, आणि नेमकं त्याच मानेपाशी काँक्रीटच्या ताकदीच्या पलीकडचा ताण येतो. आडव्या जोराचा तो जुना पाच टक्के हिशोब हे दाखवूच शकत नव्हता. धरणाला खालच्या अंगानं काँक्रीटचे टेकू दिले, आणि त्यानंतर पाचच्या वरचे कित्येक धक्के खाऊन ते उभं आहे. 105 टीएमसी पाणी आणि 1900 मेगावॅटच्या वर वीज. खाली कराड आहे, सांगली आहे. जगात कुठंही धरणाच्या भूकंपाचं सॉफ्टवेअर बनवलं की ते बरोबर चालतं का बघायला आजही कोयनेचंच गणित घालतात, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात का नाही कुणास ठाऊक.

आणि ज्या पद्धतीनं हे गणित झालं ती, फायनाइट एलिमेंट, म्हणजे अख्ख्या वस्तूचे कागदावर छोटे छोटे तुकडे पाडून ताण काढायची, ती धरणासाठी निघालीच नव्हती. बर्कलेचे रे क्लफ 1952 च्या सुट्टीत बोइंगमध्ये काम करायला गेले होते, तिथं विमानाच्या तिरक्या पंखाचा कडकपणा काढायचा होता. त्यातून सुरू झालं, 1960 ला त्यांनी तिला नाव दिलं. तेव्हा जर कुणी करदात्यानं विचारलं असतं की याचा सामान्य माणसाला उपयोग काय, तर क्लफ साहेबांना कोयनेच्या धरणाची भिंत थोडीच दिसणार होती. त्यांचेच विद्यार्थी एड विल्सन यांनी 1970 ला त्याचा प्रोग्रॅम लिहिला आणि मुद्दाम नाव ठेवलं सॅप, म्हणजे इंग्रजी बोलीत बावळट, वापरणाऱ्याला आठवण राहावी म्हणून की प्रोग्रॅमला अक्कल नसते, जबाबदारी इंजिनिअरची. आज लातूर, पुणे, नाशिक कुठंही जा, स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या कॉम्प्युटरवर जे ईटॅब्स आणि सॅप चालतं ते याच बर्कलेच्या खानदानातलं. सरांच्या घराचं डिझाइन मी त्यावरच केलंय. कन्सल्टंट लोकांना अक्कल नसते हा भाग विल्सननी लिहायचा ठेवला, तो आम्ही आमच्या कामातून सिद्ध करतो.

तर बाहेरून आलेलं पोचतं, हे झालं. अडकतं ते आपल्या जिल्ह्यात आल्यावर.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा आमचा चौघांचा प्रोजेक्ट होता राख घालून केलेलं काँक्रीट. खरं सांगायचं तर मागच्या बॅचचा रिपोर्ट घेतला, नावं बदलली, दोन आकडे इकडं-तिकडं केले, काळ्या रेक्झिनचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. एक्स्टर्नल आले, चहा झाला, दोन प्रश्न विचारले, पास. नंतर मी दोन वर्षं एका कॉलेजात शिकवलंसुद्धा, आणि तिथं बघितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कॉलेजच्या लॅबला सरकारी कामांचे क्यूब टेस्टिंगला यायचे, रस्ते, पूल, शाळाखोल्या, दीडशे मिलीमीटरचे ठोकळे, सात दिवसांचे, अठ्ठावीस दिवसांचे. मशीनवर दाबायचे, फुटले की आकडा रजिस्टरला, सही, शिक्का, बिल. लॅब असिस्टंटच्या कपाटात अशी बारा वर्षांची रजिस्टरं होती. अख्ख्या जिल्ह्याच्या काँक्रीटची बारा वर्षांची नाडी! आणि शेजारच्याच वर्गात पोरं रिपोर्ट कॉपी करतायत, एवढंच नाही तर मास्तर लोक प्रमोशनसाठी परदेशी आकडे घेऊन पेपर लिहितायत, पैसे भरून छापतायत. मी एकदा एचओडींना म्हटलं की यावर पोरांना बसवू, नदीची वाळू बंद होऊन क्रश सँड आली तेव्हा ताकदीत काय फरक पडला, उन्हाळ्यातले क्यूब कसे, पावसाळ्यातले कसे. ते म्हणाले, "अहो, त्यात नवीन काय? स्कोपसला कोण घेणार?" स्कोपस म्हणजे शोधनिबंधांची जागतिक यादी, प्रमोशनला तीच बघतात. आणि दुसरं खाजगीत म्हणाले की क्यूबचा माल वेगळा करतात हे तुम्हाला माहिती नाही का, कशाला नसता धोंडा पायावर.

माहिती आहे. एम-20 चे, म्हणजे 20 ची ताकद पाहिजे त्या काँक्रीटचे, क्यूब 38 ला फुटताना मीही बघितलेत, क्यूबसाठी दोन पाट्या सिमेंट जास्त पडतं हे शेंबडं पोरगं सांगेल. पण हे सुद्धा त्या आकड्यांतून निघालं असतं की. कुठल्या कामाचे क्यूब संशय यावा इतके चांगले आहेत, हा पण शोधच आहे, आणि त्यात लोकांचा जीव आणि लोकांचा पैसा दोन्ही आहे.

मला कुणी म्हणेल की सगळ्या विद्यापीठांना गावाच्या कामाला जुंपलं तर मोठं संशोधन कोण करणार. कुणी जुंपायला सांगत नाहीये. क्लफसारख्यांना त्यांचा पंख सोडवू द्या, उपयोग कधी कुठं निघेल सांगता येत नाही हे वर आलंच. पण राज्यात इंजिनिअरिंगची शेकडो कॉलेजं आहेत, ती सगळी बर्कले होणार नाहीत आणि व्हायची गरजही नाही, त्यांच्याकडं बर्कलेकडं नाही ते आहे, जिल्हा आहे. आयआयटी मुंबईत 1985 पासून सितारा नावाचं केंद्र ग्रामीण प्रश्नांवर काम करतंय, पाणीयोजना का बंद पडतात ते बघतं. राज्य सरकारनं 2016 ला उन्नत महाराष्ट्र अभियान काढलं, कल्पना हीच की जिल्ह्यातल्या कॉलेजनं जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासायचे. कागदावर उत्तम आहे. पण ज्या मास्तरानं तालुक्यातल्या दोनशे घरांच्या भिंती मोजल्या त्याला प्रमोशनला किती मार्क, आणि ज्यानं पैसे भरून चार पेपर छापले त्याला किती, हे जोवर तसंच आहे तोवर शहाणा मास्तर कुठं जाईल हे सांगायला पीएचडी लागत नाही.

आयआयटी कानपूरनं 2001 च्या भूजच्या भूकंपानंतर केलेलं काम मला म्हणून जास्त मोलाचं वाटतं. अहमदाबाद भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब, तरी तिथं खाली मोकळं पार्किंग असलेल्या बिल्डिंगा बसल्या. कोडमध्ये सुधारणा झालीच, पण सी. व्ही. आर. मूर्ती यांनी चोवीस छोट्या टिपा लिहिल्या, एकेक दोन पानांची, चित्रांसकट, फुकट. रिंगेचा हूक का वाकवायचा ते त्यात चित्र काढून दिलंय. देशभरातल्या कॉलेजांतल्या शिक्षकांना भूकंपाचं शिकवायचा सरकारी कार्यक्रमही त्याच काळात झाला. माझ्या एका मास्तरांनी तो केला होता, म्हणून मला 135 अंश माहिती. नाहीतर मी पण काटकोनच काढला असता.

आणि कुणाला वाटू नये की हे फक्त आपल्याकडं होतं. ज्या क्राइस्टचर्चमध्ये हे सगळं शोधलं, त्याच शहरात 22 फेब्रुवारी 2011 ला भूकंप झाला आणि सीटीव्ही नावाची एक इमारत कोसळली, एका इमारतीत 115 माणसं. डिझाइन 1986 चं. चौकशी आयोगानं जे दोष काढले त्यात कॉलमना पुरेशी लवचिकता नव्हती हे होतंच. विद्यापीठ त्याच शहरात, जगाला शिकवणारं, आणि ज्ञान तेवढा रस्ता ओलांडून गेलं नाही. मला हे वाचून बरं वाटलं असं नाही, पण एक कळलं, की लॅबमधून साइटवर जायचा रस्ता आपोआप होत नाही, तो कुणीतरी पगार देऊन बांधावा लागतो.

तर साइटवर. मी फिटरला एक रिंग स्वतः वाकवून दाखवली, मग टिपेतलं चित्र मोबाइलवर दाखवलं. त्यानं नीट बघितलं, हुशार माणूस आहे, लगेच कळलं त्याला, म्हणाला, "आवं मंग आधी सांगायचं की." मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पण साहेब, असं वाकवलं तर रिंग कॉलममध्ये घालताना अडकतीया, डबल टाइम लागतोय. मला रेट टनावर हाय." बरोबर होतं त्याचं. टन तेवढाच, मेहनत जास्त, आणि ते जास्तीचे पैसे कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये नाहीत, माझ्या ड्रॉइंगमध्ये नाहीत, कोडमध्ये तर नाहीतच.

सर खुर्चीवरून उठून जवळ आले, चष्मा वर करून रिंग हातात घेतली, फिरवून बघितली. म्हणाले, "टनामागं किती वाढवून पाहिजे तुला?"

त्यानं आकडा सांगितला. सरांनी निम्मा सांगितला. मी निघालो तेव्हा दोघांचं चाललंच होतं.